बाबांचं लिव्हिंग विल: गोव्यात कुणासमोर करायचं, काय लिहायचं, प्रती कुणाला द्यायच्या?

आंबेवाडा

नमस्कार. बाबा ७६ वर्षांचे, आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. आजार फुफ्फुसांचा फायब्रोसिस. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) आहे. बसून मिनिटाला ३ लिटर, न्हाणीपर्यंत चालले की ५. फुफ्फुस बदलण्याचा विचार वयामुळे बाद. डोकं लख्ख आहे आणि निर्णय त्यांनी स्वतःच सांगितलाय: घशात नळी नको, बांबोळीला (सरकारी मेडिकल कॉलेजात) आयसीयूत पडून राहणं नको, पण दम कोंडून हाल होणंही नको. हे कागदावर यावं ही त्यांचीच इच्छा.

अडचणी अशा. इंटरनेटवरचे निम्मे नमुने परदेशी, उरलेले २०१८चे. त्यांत ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटची सही लागते असं दिसतं. एक ओळखीचे म्हणतात, मृत्युपत्र सब-रजिस्ट्रारकडे केलंत तसं हेही तिथंच होईल. मोठा भाऊ शिपवर, वर्षातला बराच काळ बाहेर, बहीण पुण्यात, घरी आई (७१) आणि मी. नाव कुणाचं घालायचं? आणि सगळ्यांत मोठी शंका: कागद कपाटात आहे, रात्री दोनला बाबांना श्वास घेता येत नाही, तेव्हा करायचं काय? १०८ बोलावली तर त्या कागदाला कुणी विचारतं का?

खटला_क्रमांक_शून्य

वकिली बाजू सांगतो. आधी सब-रजिस्ट्रारचा घोळ मिटवू, कारण तो गोव्यात हमखास होतो. आपल्याकडे मालमत्तेचं मृत्युपत्र २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली स्पेशल नोटरीसमोर होतं, आणि ते काम सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात चालतं. म्हणून लोकांना वाटतं की 'विल' म्हटलं की तेच कार्यालय. वैद्यकीय इच्छापत्राचा (म्हणजे लिव्हिंग विलचा) त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ते सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांवर उभं आहे: मूळ निकाल ९ मार्च २०१८चा, कॉमन कॉज खटल्यातला, आणि पद्धत सोपी करणारा आदेश २४ जानेवारी २०२३चा. दोन्ही कागद कधीही एकत्र करू नका. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तो जिवंत असताना लागतं.

२०१८च्या पद्धतीत मॅजिस्ट्रेटची प्रतिस्वाक्षरी लागायची. त्यामुळे योजना जवळजवळ कागदावरच राहिली होती. २०२३पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, दोहोंपैकी एक पुरतो. म्हणजे साधा नोटरी चालतो, मामलेदार चालतात, सरकारी आरोग्य केंद्राचे हेल्थ ऑफिसर चालतात. मात्र बाबांवर उपचार करणारा डॉक्टर साक्षांकनासाठी घेऊ नका. मनाई म्हणून नव्हे. पुढे उपचार थांबवण्यावर मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळात तोच बसणार आहे, तेव्हा त्याला दोन भूमिकांत अडकवायला नको.

सहीच्या दिवशी हवेत: बाबा, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा अधिकारी. सगळे एकाच वेळी, एकाच जागी. साक्षीदार शक्यतो बाहेरचे, म्हणजे वारस नसलेले. शेजारी, जुने सहकारी, कुणीही सज्ञान. निर्देशांत स्टॅम्प पेपरची अट नाही, साधा ए-फोर कागद चालतो. एखाद्या नोटरीनं स्टॅम्प पेपर मागितलाच तर भांडत बसू नका, आणून द्या.

आता चूक कुठं होते ते. नोटरी सवयीनं नुसता 'अटेस्टेड' शिक्का मारतो आणि मोकळा होतो. निर्देशांप्रमाणे साक्षीदारांनी आणि साक्षांकन करणाऱ्यानं स्वतःचं समाधान नोंदवायचं असतं: कागद स्वेच्छेनं केला आहे, दबाव किंवा आमिष नाही, आणि करणाऱ्याला परिणाम समजलेले आहेत. हे वाक्य शेवटी टाइप करून ठेवा आणि तिघांच्या सह्या त्याच्याच खाली घ्या. पानापानावर बाबांची सही. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो; पण मग 'मजकूर मराठीत वाचून दाखवला, त्यांनी समजून मान्य केला' ही ओळ हवी.

मजकुरात या गोष्टी नसतील तर कागद लंगडा: कोणत्या परिस्थितीत कोणता उपचार सुरू करू नये किंवा थांबवावा, निर्णय घेण्याची शुद्ध नसेल तेव्हा संमती कोण देणार, त्यांची नावं, परिणाम समजल्याची कबुली, आणि 'हे मी केव्हाही लेखी रद्द करू शकतो'. एकाहून जास्त इच्छापत्रं सापडली तर शेवटी सही केलेलं ग्राह्य. म्हणून तारीख ठळक लिहा आणि नवं केलंत की जुन्या प्रती गोळा करून फाडा.

नावं दोन घाला, क्रम लावून. पहिलं नाव गोव्यात राहणाऱ्याचं. वैद्यकीय मंडळं शक्यतो ४८ तासांत मत देतात. संमती देणारा भाऊ तेव्हा भर समुद्रात असेल तर सगळं अडतं. आणि एक गैरसमज: 'भावानं बाबांचं मुखत्यारपत्र घेतलंय, तेच चालेल.' चालणार नाही. करार कायद्याच्या कलम २०१प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्रच संपतं. ज्या दिवशी गरज, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी.

उशीखालचा_पंखा

पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) बाजूनं लिहिते. वकीलसाहेबांनी चौकट नीट सांगितली, पण एक गोष्ट तिच्याही आधीची: बाबा शुद्धीवर आहेत तोवर या कागदाची गरजच पडत नाही. सज्ञान, समजूतदार माणसानं 'मला ट्यूब नको' म्हटलं की ती नाही घालता येत. त्यासाठी मंडळ नको, नोटरी नको. कागद लागू होतो तो बाबा असाध्य अवस्थेत असतील आणि स्वतः निर्णय सांगू शकत नसतील तेव्हाच. हे आईंना जरूर सांगा. बऱ्याच घरांत 'सही केली म्हणजे आता इस्पितळात औषधसुद्धा देणार नाहीत' या भीतीनं बाई रडत बसते.

मजकुराबद्दल. यंत्रांची यादी करून 'हे नको, ते नको' असं लिहिलेले नमुने मला पटत नाहीत. फायब्रोसिसच्या रुग्णाला दम तीन वेगळ्या कारणांनी वाढतो. मूळ आजारानंच उसळी घेतली. किंवा वर न्यूमोनिया झाला. किंवा फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठली. पहिल्यात व्हेंटिलेटरवर गेलेले बहुतेक रुग्ण परत येत नाहीत, कारण सुधारायला फुफ्फुसात जागाच उरलेली नसते. तिसऱ्यात छातीत एक नळी घालून काही तासांत माणूस बोलायला लागू शकतो. 'कोणतीही नळी नको' एवढंच लिहिलं तर छातीतली नळीसुद्धा नाकारली जाईल. बाबांना हे अपेक्षित आहे का?

म्हणून असं लिहा: आधी काय महत्त्वाचं ते (दम न कोंडणं, घरी असणं, माणसं ओळखता येणं), मग मर्यादा. बाबांच्या बाबतीत मर्यादेचा मजकूर साधारण असा होईल: 'बरं होण्याजोगं कारण असल्यास अँटिबायोटिक, ऑक्सिजन, छातीतली नळी आणि मास्कवरचं बायपॅप (दाबानं हवा देणारं यंत्र) यांचा प्रयत्न करावा. ३ ते ५ दिवसांत सुधारणा नसल्यास तो थांबवून फक्त त्रास कमी करणारे उपचार चालू ठेवावेत. घशात नळी घालून व्हेंटिलेटर, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला भोक पाडून नळी), डायलिसिस आणि हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं हे कोणत्याही स्थितीत नको.' दिवसांचा आकडा तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून घाला. मुदत लिहिली की पाचव्या दिवशी नातेवाइकांत 'अजून दोन दिवस बघू'चा खेळ लांबत नाही.

आणि शेवटी एक ओळ जरूर: 'दम, वेदना, अस्वस्थता यांवर पुरेसं औषध द्यावं, त्यानं गुंगी आली तरी.' ही ओळ नसेल तर ड्युटीवरचा तरुण डॉक्टर मॉर्फिन द्यायला कचरतो.

नाईट_ड्युटी

ताईंचं म्हणणं तात्त्विकदृष्ट्या बरोबर, पण आयसीयूच्या दारात पहाटे तीनला कुणी परिच्छेद वाचत नाही. तिथं पहिली दहा मिनिटं महत्त्वाची, आणि तेव्हा रेसिडेंट (ड्युटीवरचा तरुण डॉक्टर) विचारतो एकच: 'इंट्युबेट करू (घशात नळी घालू) का नको?' त्यामुळे मूळ कागद ताई म्हणतात तसा ठेवा, पण त्याच्या वर एक पान जोडा, मोठ्या अक्षरांत, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. नाव, वय, आजार, रोजचा ऑक्सिजन किती, रोजचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) किती, उपचार करणारे डॉक्टर, निर्णय घेणाऱ्या दोघांचे फोन, आणि चार ओळी: बायपॅप हो, ट्यूब नको, सीपीआर (छाती दाबणं) नको, त्रास कमी करणारी औषधं हो.

रोजचं सॅच्युरेशन लिहायचं कारण: या आजारात बसून ८८ ही एखाद्याची नेहमीची संख्या असते. बाहेरचा डॉक्टर ८८ बघून घाबरतो आणि ट्यूबची तयारी करतो.

इंग्रजी एवढ्यासाठी की रात्रीचा रेसिडेंट परराज्यातला असू शकतो, त्याला मराठी वाचता येईलच असं नाही. दोन्ही भाषांतल्या प्रतींवर त्याच दिवशी सह्या घ्या आणि अर्थात फरक पडल्यास कोणती खरी मानायची तेही लिहा.

१०८बद्दल स्पष्टच सांगते. गाडीतले लोक जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणावर आणि नियमांवर चालतात. हृदय बंद पडलेलं दिसलं की ते छाती दाबायला सुरुवात करणार. कागद खरा आहे की नाही हे तपासायचा त्यांना ना वेळ, ना अधिकार. फायब्रोसिस झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात. त्यामुळे १०८ बोलावणं म्हणजे 'इस्पितळात न्या आणि सगळं करा' असाच निरोप समजायचा. पडून मांडी मोडली, नळीतून ऑक्सिजन येईना, अचानक छातीत एका बाजूला कळ आली, तर १०८ जरूर बोलवा. शेवट जवळ आला आहे हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असेल, तर तो फोन करायचा की नाही हे त्या रात्री नाही, आज ठरवा.

आणखी एक. इस्पितळात भरती झालात की कागद नुसता दाखवून परत पिशवीत ठेवू नका. प्रत केसपेपरला लावायला सांगा आणि डॉक्टरांकडून 'सीपीआर करू नये' हा आदेश केसपेपरवर लिहून घ्या. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२०मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना आणि फॉर्म दिलेला आहे. पाळी बदलताना नर्स तोंडी सांगते ते केसपेपरवर असेल तेवढंच. सकाळच्या पाळीत झालेलं बोलणं रात्रपाळीपर्यंत पोचत नाही.

आंबेवाडा

तिघांचेही आभार. छातीतल्या नळीचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले 'ती चालेल'. म्हणजे मी नमुना जसाच्या तसा छापला असता तर चुकीचंच लिहिलं गेलं असतं.

पुढची शंका. इस्पितळात असताना खरंच थांबवायची वेळ आली तर किती ठिकाणी फिरावं लागतं? आणि पंचायतीत प्रत द्यायची असते म्हणतात, ती खरंच लागते का? कुणी घेतं का?

खटला_क्रमांक_शून्य

फिरायचं तुम्ही नाही, इस्पितळानं. पहिलं मंडळ इस्पितळच नेमतं: उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ, प्रत्येकी किमान ५ वर्षांचा अनुभव. त्यांचं मत झालं की दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. दोघांचंही उत्तर शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. मग इच्छापत्रात नाव असलेल्या माणसाची संमती. मग अंमल करण्यापूर्वी इस्पितळ प्रथम वर्ग ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटला कळवतं. परवानगी मागत नाही, कळवतं. २०१८मध्ये मॅजिस्ट्रेटनं येऊन पाहणी करायची अट होती, ती गेली. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात कलम २२६खाली जाता येतं; आपल्यासाठी म्हणजे गोवा खंडपीठ.

दुसऱ्या मंडळातला तो सरकारी नियुक्त डॉक्टर, तिथं गाडं अडतं. खासगी इस्पितळात भरती करताना पहिल्याच दिवशी विचारा: 'असं मंडळ बसवायची वेळ आली तर तुमची पद्धत ठरलेली आहे का, नाव आलेलं आहे का?' उत्तर गुळमुळीत आलं तर भरती कुठं करायची याचा पुन्हा विचार करायला तेव्हा अजून वेळ असतो.

पंचायतीचं: हो, निर्देशांत आहे. एक प्रत पंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. त्यानं ती सांभाळायची, म्हणजे पुढे इस्पितळाला खरेपणा पडताळता येतो. एक प्रत नावं घातलेल्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरला. हवं तर डिजिटल आरोग्य नोंदीतही जोडता येतं. गोव्यात हा विषय अगदी अनोळखी नाही. ३१ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती महेश सोनक यांनी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं होतं आणि त्याच्या बातम्याही झाल्या. पण वाड्यावरच्या पंचायतीपर्यंत सगळं झिरपलेलं असेल असं गृहीत धरू नका.

पंचायत_घर

सेक्रेटरीच्या टेबलामागून सांगतो. 'लिव्हिंग विल ठेवून घ्या' असं तोंडी म्हणालात तर समोरचा गोंधळेल. एक साधा अर्ज करा, विषय: 'वैद्यकीय इच्छापत्राची प्रत जतन करण्यासाठी सादर'. त्यात २४ जानेवारी २०२३च्या आदेशाचा उल्लेख एका ओळीत, सोबत आदेशाच्या संबंधित पानाची झेरॉक्स. दोन प्रती न्या. एक आत जाते, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. तो आवक क्रमांकच तुमचा पुरावा. तो मूळ इच्छापत्राच्या मागे लिहून ठेवा. काउंटरवर घेतलंच नाही तर वाद न घालता स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच सांभाळा. बंद पाकिटात देऊ नका. पाकीट न उघडता कुठल्यातरी फायलीत जातं, आणि आत काय होतं हे दोन वर्षांनी कुणाला सांगता येत नाही.

पर्वरीची_सून

विषयाला धरून विचारते. सासूबाईंना डिमेन्शिया, आता कुणाला ओळखत नाहीत. त्यांच्या वतीनं नवऱ्याला हे करता येईल का? आणि गिळणं कमी झालंय, नाकातून नळी घाला असा सल्ला मिळालाय.

खटला_क्रमांक_शून्य

नाही. दुसऱ्याच्या वतीनं इच्छापत्र करताच येत नाही, मुलालाही नाही. पण इच्छापत्र नसलं तरी वाट बंद होत नाही: तीच दोन मंडळं, तीच मॅजिस्ट्रेटला कळवण्याची पायरी, फक्त संमती जवळच्या नातेवाइकांची. ज्यांच्या घरी डिमेन्शियाचं निदान नुकतंच झालंय त्यांनी मात्र आजच करा. माणसाला माहिती समजते, थोडा वेळ लक्षात राहते, तिचा तोल लावता येतो आणि निर्णय सांगता येतो, तोवर क्षमता आहे. त्या दिवशीचं डॉक्टरांचं तसं प्रमाणपत्र जोडा. सक्ती नाही, पण पुढे एखाद्या भावानं शंका काढली की तेच कामी येतं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आगाऊ निर्देश आहेत. ते मानसिक आजाराच्या उपचारांपुरते. फॉर्म वेगळा, मंडळ वेगळं. इथं वापरू नका.

उशीखालचा_पंखा

नाकातल्या नळीबद्दल: पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढत नाही आणि अन्न फुफ्फुसात जाणंही थांबत नाही. लाळ तर जातेच. शिवाय रुग्ण नळी ओढतो, मग हात बांधतात. त्यापेक्षा सरळ बसवून, हनुवटी जराशी खाली, अर्धा चमचा, घट्टसर पेज, मध्ये थांबत. पोटात किती गेलं हे मोजू नका. त्यांना आवडेल तेवढं. घरच्यांना 'उपाशी मारतोय' असं वाटतं, पण शरीर बंद होत असताना भूक आधी जाते. भूक गेली म्हणून शरीर बंद होतंय असं नसतं.

अचानक गिळणं थांबलं असेल (दोन दिवसांत) तर मात्र तोंडातला बुरशीचा संसर्ग, नवं गुंगीचं औषध, मूत्रमार्गाचा संसर्ग, मेंदूचा झटका यांतलं काही आहे का ते आधी बघून घ्या.

आता आंबेवाडा यांच्या रात्री दोनच्या प्रश्नाकडे, कारण खरं काम तिथं आहे. कागद इस्पितळात काय करू नये ते सांगतो. घरी काय करावं याची तयारी वेगळी.

मॉर्फिन. दम लागण्याची जाणीव ते कमी करतं, आणि योग्य मात्रेत श्वास थांबवत नाही. दमासाठी सुरुवातीचा डोस लहान असतो, साधारण २.५ मिलिग्रॅम तोंडावाटे दर ४ तासांनी, म्हणजे १०च्या गोळीचा पाव भाग. बाबांचा डोस त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. किडनी कमजोर असेल तर वेगळं औषध लागतं, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हाताशी ठेवा. ज्या दिवशी मॉर्फिन सुरू त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषध सुरू. हे विसरलं की आठवड्यात मळ घट्ट बसतो, त्यानं पोट फुगतं, दम वाढतो, आणि दोष मॉर्फिनला देतात. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मिळतं. गल्लीतल्या फार्मसीत शोधू नका. दम कोंडायला लागल्यावर चिठ्ठी आणायला गेलात तर उशीर झाला. औषध घरात आधी हवं, कुलपात, आणि केव्हा किती दिलं याची वही.

ऑक्सिजन. पावसाळ्यात वीज जाते हे मी डिचोलीकरांना सांगायला नको. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॉट खातो. घरचा इन्व्हर्टर तो किती तास ओढतो ते कोरड्या दिवशी मेन स्विच बंद करून बघा. सोबत एक भरलेला बी-टाइप सिलिंडर: त्यात सुमारे १,५०० लिटर, ३ लिटरनं जवळपास आठ तास, ५नं पाच. रेग्युलेटरची चावी सिलिंडरलाच दोरीनं बांधा.

चेहऱ्यावर छोटा पंखा, नाक-गालांच्या बाजूनं. फुकटातलं सर्वांत चांगलं औषध. पाठीला तीन उशा, पुढे टेबलावर उशी ठेवून ओणवं. खोलीत एकच माणूस, बाकीचे बाहेर.

शेवटच्या एक-दोन दिवसांत सलाइन लावायचा हट्ट धरू नका. छातीत घरघर वाढते. ओठ-जीभ ओल्या कापसानं. घशातल्या घरघरीला इंजेक्शन असतं, तेही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि ते टोचणारी नर्स कोण हेही ठरवा.

एक धोक्याची जागा. इस्पितळात 'आता काही नाही, घरी न्या' म्हटल्यावर लोक डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर सही करून निघतात. त्या सहीबरोबर औषधांची जबाबदारीही सुटते, माणूस मॉर्फिनशिवाय घरी येतो आणि नको ते हाल होतात. तशी सही करू नका. 'पॅलिएटिव्ह उपचारांसाठी डिस्चार्ज' असं लिहून मागा, सोबत औषधं आणि फोन करायचा नंबर. घरी जमतच नसेल तर हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र) हा तिसरा पर्याय आहे. शांती अवेदना सदनाचं केंद्र गोव्यातही आहे, पण ते प्रामुख्यानं पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी. बाबांच्या आजारात भिस्त घरावर आणि जवळच्या आरोग्य केंद्रावरच ठेवा.

आंबेवाडा

भावाचं काय करावं? फोनवर तो 'शक्य ते सगळं करा' म्हणतो. कागदावर त्याचं नाव नसेल तरी बोटीवरून उतरून सरळ आयसीयूच्या दारात उभा राहील.

नाईट_ड्युटी

हे घराघरांत आहे, आणि लांब असलेला माणूस वाईट नसतो. त्याला शेवटचं आठवतं ते सुट्टीत बाजारात चालणारे बाबा. सही होण्याआधी व्हिडिओ कॉल लावा, आणि बोलायला बाबांना बसवा. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं मत ठरतं. त्या कॉलला छातीचे डॉक्टर दहा मिनिटं आले तर उत्तम. मग भावाचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घाला. वगळलेला माणूस जास्त भांडतो. आणि मजकुरात एक ओळ: 'नावं दिलेल्यांत मतभेद झाल्यास पहिल्या व्यक्तीचं म्हणणं अंतिम.'

खटला_क्रमांक_शून्य

ती ओळ मीही घालतो. फक्त आईंना पहिलं नाव घालू नका, भावनेपोटी बरेच जण घालतात. ७१ वर्षांच्या बाईला नवऱ्यासाठी 'थांबवा' म्हणून सही करायला लावणं क्रूर आहे. तुम्ही पहिले, भाऊ किंवा बहीण दुसरी. आईंना सगळं माहीत असावं, सही मात्र नको.

पंचायत_घर

घरी मृत्यू झाला तर पुढचं, कारण हे कुणी आधी विचारत नाही. मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा. घरच्या मृत्यूला कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म ४-एवर, आणि ते शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. तुमचा डॉक्टर पणजीत असेल आणि महिनोन्‌महिने त्यानं बाबांना बघितलेलं नसेल तर तो सही करायला तयार होणार नाही, मग पोलीस आणि शवचिकित्सेची भानगड उपटू शकते. तेव्हा गावातल्या एखाद्या डॉक्टरला आतापासून दर पंधरवड्याला घरी बोलवा, त्याच्याकडे फाइलची प्रत ठेवा, आणि 'रात्री-अपरात्री याल ना' हे स्पष्ट विचारून घ्या. आधार कार्डाची प्रत त्याच फाइलीत.

उशीखालचा_पंखा

नेत्रदान करायचं असेल तर ६ तासांच्या आत, तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, खोलीतला पंखा बंद. वय किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. देहदान असेल तर बांबोळीच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा फॉर्म आधी भरून ठेवा. या दोन्ही गोष्टी इच्छापत्रात लिहू नका. वेगळा कागद, वेगळ्या सह्या.

आंबेवाडा

नोटरी ठरला, साक्षीदार म्हणून दोन शेजारी. बाबांना न्यायचं म्हणजे गाडीत सिलिंडर. नोटरी घरी येतो का?

खटला_क्रमांक_शून्य

येतात, थोडे जास्त पैसे घेतात. सकाळची वेळ मागा, बाबांना दम कमी असतो तेव्हाची. नोटरीच्या रजिस्टरमध्ये नोंद आणि बाबांची सही झाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका, आणि नोंदीचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. मूळ एक आणि सह्या केलेल्या चार प्रती: तुम्ही, भाऊ, फॅमिली डॉक्टर, पंचायत. मूळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी लॉकर उघडत नाही.